दोन आसनी गाडी, काँक्रीटचा रस्ता आणि टायरचा आवाज : माझा अनुभव

पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. गाडीच्या आतल्या आवाजाचा विषय निघाला की पहिल्यांदा हेच सांगावं लागतं. उर्से टोलनाका मागे पडून गाडीने वेग धरला की माझ्या दोन आसनी गाडीत शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागायचा. इंजिनचा आवाज मला हवाच आहे, गाडी घेतलीच त्यासाठी. पण सहाव्या गिअरमध्ये इंजिन निवांत फिरत असताना पाठीमागून जो एकसुरी घुमारा येत राहतो त्याचा इंजिनशी काही संबंध नसतो. तो रस्त्याचा आणि टायरचा आवाज.

एकट्याने चालवताना मी तो वर्षभर चालवून घेतला असता. प्रश्न बाबांचा होता. त्यांना कानाचं मशीन आहे. पनवेलला आत्याकडे जायला ते शेजारी बसले की खालापूर यायच्या आत मशीन काढून डबीत ठेवायचे. "तू काय बोलतोस ते कळत नाही रे, नुसतं घूं वाढतं," म्हणायचे. यामागे कारण आहे. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या आवाजाला झाकून टाकतो, आणि शब्द ओळखू येतात ते मुख्यतः वरच्या पट्टीतल्या व्यंजनांमुळे. चांगल्या कानाचा माणूस अंदाजाने वाक्य पुरं करतो, मशीनवाल्याला ते जड जातं. बाबांना गाडीची हौस माझ्याइतकीच आहे आणि त्यांनी दोन तास गप्प बसून प्रवास करावा हे मला सहन होईना.

साउंडप्रूफिंग करणाऱ्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी गाडी न चालवताच पूर्ण पॅकेज सांगितलं : चारही बाजू, छत, दारं, फ्लोअर, तीन थर. वजन किती वाढेल विचारलं तर चाळीस-पंचेचाळीस किलो. स्पोर्ट्स कारमध्ये कंपनीने एकेक किलो वाचवलेला असतो, तिथे हे असं सरसकट भरणं मला पटलं नाही. आवाज कुठून येतोय ते आधी कळायला हवं.

ते शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. रस्ता मोकळा असताना ऐंशीच्या स्थिर वेगात एकदा चौथ्या आणि एकदा सहाव्या गिअरमध्ये ऐकलं. इंजिनचा सूर बदलला, घुमारा तसाच राहिला. म्हणजे इंजिन, एक्झॉस्ट वजा. मग तोच वेग, बंद काचा, एसीचा पंखा एकवर, आणि दोन वेगळे रस्ते : एक्स्प्रेस वेचं काँक्रीट आणि साताऱ्याच्या बाजूचा डांबरी पट्टा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचं आवाज मोजण्याचं मोफत ॲप आहे. मित्राने फोन शेजारच्या सीटच्या डोक्याच्या उंचीवर धरून आकडे घेतले. काँक्रीटवर 75 डेसिबल, डांबरावर 70. वारा आणि इंजिन दोन्हीकडे सारखंच, तेव्हा हे पाच डेसिबल शुद्ध रस्त्याचे. पाच म्हणजे थोडे वाटतात, पण डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नसते. तीन वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. त्या हिशोबाने काँक्रीटवर ऐकू येणाऱ्या एकूण आवाजातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग डांबरावर गेल्याबरोबर नाहीसा होत होता.

काँक्रीट ओलं असताना त्यावर आडव्या बारीक खाचा ओढतात, पावसात पाणी निघून जावं आणि टायरला पकड मिळावी म्हणून. त्या हव्यातच. पण दोन खाचांत 20 मिलिमीटर अंतर धरलं तर ऐंशीच्या वेगात टायर सेकंदाला साधारण 1,100 खाचा ओलांडतो, आणि नेमक्या त्या पट्टीत माणसाचा कान चांगलाच तिखट असतो. ही झाली वरची शिट्टी. खालचा घुमारा निराळा. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं दुसरं ॲप लावलं तेव्हा दोन उंचवटे दिसले. एक हजाराच्या आसपासचा, जो वेगाबरोबर सरकत होता. दुसरा 190 हर्ट्झच्या (सेकंदाला 190 कंपांच्या) आसपासचा, जो साठला, ऐंशीला, शंभरला जागचा हलत नव्हता.

हा न हलणारा उंचवटा पाहून मला खरोखर आनंद झाला, कारण त्याचं उत्तर टायरच्या मापातच लिहिलेलं असतं. माझे मागचे टायर 275/35 आर 19, म्हणजे रुंदी 275 मिलिमीटर, साइडवॉलची (बाजूच्या भिंतीची) उंची तिच्या 35 टक्के आणि रिम 19 इंची. रिम आणि टायर यांच्यामध्ये हवेची जी गोल नळी असते तिचा मधला घेर काढला तर सुमारे 1.82 मीटर येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. भागाकार केला की 188. टायरला रस्त्याचा धक्का बसला की आतली हवाच या सुरात घुमते, तो सूर रिममधून, हबमधून, सस्पेन्शनमधून गाडीच्या पत्र्यात येतो. सेडानमध्ये मागची सीट आणि डिकीची भिंत त्याला अडवतात. माझ्या गाडीत सीटच्या मागे थेट चाकांच्या कमानी आणि वर काच. अडवायला कोणी नाही, शिवाय सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, तेही कडक.

मग टायरकडे वळलो. मागच्या टायरवर चार आकडे होते, 1117, म्हणजे 2017 सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला. नक्षी अजून शिल्लक होती, त्यामुळे आधीच्या मालकाने बदलले नसावेत, पण रबर जुनं झालं की कडक होतं आणि कडक रबर जास्त वाजतं. नक्षीवरून तळहात फिरवून पाहिला. पुढून मागे नेताना गुळगुळीत, उलट आणताना प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडत होती. टायरवाले याला 'दात पडले' म्हणतात. अशा टायरचा आवाज अगदी बेअरिंग गेल्यासारखा येतो आणि बरेच जण बेअरिंग बदलून बसतात. तिथे एक साधी खूण आहे. मोकळ्या जागी गाडी हलकेच डावी-उजवी वळवायची. वजन बाहेरच्या चाकावर गेल्यावर घुमारा वाढला किंवा बंद झाला तर बेअरिंगचा संशय घ्यायचा. माझ्याकडे काही फरक पडला नाही. गाडी उचलून, स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवलं, तिथेही खरखर नाही.

दात पडण्याचं कारण अलाइनमेंटच्या कागदावर सापडलं. मागच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, मर्यादेबाहेर होता. आधीच्या ठिकाणी फक्त पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून दिलं होतं. पुष्कळ ठिकाणी तेवढंच करतात, आणि साध्या हॅचबॅकला ते चालून जातं कारण मागे फिरवायला काही नसतंच. मागून जोर लावणाऱ्या, चारही बाजूंना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला मागचा टो नीट लागलाच पाहिजे, नाहीतर नवे टायरही काही महिन्यांत दात काढतात. एक बुश फाटला होता, तो बदलला आणि मगच टो जुळला. हवाही दाराच्या कडेवरच्या पट्टीत लिहिलेल्या 35 वर आणली. हायवेला जायचं म्हटलं की टायरवाले चाळीस भरतात, त्याने टायर दगडासारखा होतो.

नवे टायर निवडताना युरोपातलं लेबल कामाला येईल असं वाटतं. त्यावर डेसिबलचा आकडा आणि ए, बी, सी अशी श्रेणी असते. पण तो आकडा रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला किती आवाज जातो त्याचा आहे. केबिनमध्ये काय होईल हे त्यावरून कळत नाही. मला त्या 190 च्या उंचवट्यावर इलाज हवा होता आणि तो आहे : टायरच्या आत गोलाकार फोम चिकटवलेला असतो. मिशेलिन त्याला 'अकूस्टिक' म्हणते, कॉन्टिनेंटल 'कॉन्टिसायलेंट', पिरेली 'पीएनसीएस'. पंक्चर निघतं का? निघतं, पण टायर उतरवून तिथला फोम कापून मग आतून पॅच लावावा लागतो, त्यामुळे आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांना आधीच दाखवून ठेवलं. 18 इंची रिमचाही विचार केला होता. 245/45 आर 18 चा बाहेरचा व्यास जवळपास तोच येतो आणि साइडवॉल उंच मिळते, पण पुढचे ब्रेक कॅलिपर मोठे, रिम बसेना. तो विषय तिथेच संपला. एकाच कंपनीचे चार टायर, मागचे फोमवाले, मिळून लाखाच्या वर गेले.

काँक्रीटवर ऐंशीला आता 72. आलेखावरचा न हलणारा उंचवटा निम्म्याहून खाली बसला. एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. ही ॲप कानाप्रमाणे खालच्या पट्टीला कमी गुण देतात, 200 हर्ट्झला सुमारे अकरा डेसिबल वजा धरतात. त्यामुळे घुमारा कमी झाल्याचा दिलासा आकड्यात पुरता उतरत नाही, प्रवासानंतर डोकं जड होत नाही तेव्हा कळतो.

त्यानंतर फक्त मागचा भाग उघडला. ओळखीच्या मिस्त्रींनी सीटमागचं कार्पेट आणि चाकांवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढली तर खाली नागडा पत्रा. बोटाच्या पेराने टकटक केलं की परातीसारखा वाजत होता. मिस्त्री म्हणाले, "साहेब, सगळं झाकायला लागत नाही. मधोमध वाजतंय तिथं मारू. आणि पाणी जायची भोकं मी उघडी ठेवणार, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा सडतो." अगदी बरोबर. कंप मारणारी बुटाइलची (चिकट रबराची, वर फॉइल असलेली) शीट पत्र्याच्या तीसेक टक्के भागावर लावली तरी बहुतेक काम होतं. फॉइलवर रोलर फिरवून फिरवून त्यांनी ती पत्र्याच्या प्रत्येक घडीत बसवली, कारण खाली हवा राहिली तर शीटचा उपयोग नाही. पुन्हा टकटक केलं तर नुसतं ठप्. बुटाइल पत्र्याचा कंप मारतं, पण हवेतून येणारी शिट्टी अडवत नाही. तिला वजनदार, लवचीक पडदा लागतो. म्हणून कमानींवर जड व्हिनाइलचा थर, खाली पातळ बंद पेशींचा फोम. डांबराच्या स्वस्त शीट्स आम्ही घेतल्या नाहीत, उन्हात तापल्या की वास मारतात. चाकाच्या बाजूने लायनरमागे पाणी पिणारं काहीही भरलं नाही. एकूण वजन वाढलं दहा-अकरा किलो, सगळं मागच्या ॲक्सलवर.

काँक्रीटवर 70. म्हणजे पूर्वी डांबरावर जेवढा होता तेवढा.

पुढच्या खेपेला कामशेतचा बोगदा ओलांडताना बाबांनी आपण होऊन विचारलं, "हा तिसऱ्यात टाकलास का आत्ता? आवाज बदलला." मशीन कानातच होतं. मग खोपोलीपर्यंत ते त्यांच्या जुन्या पद्मिनीबद्दल बोलत होते, घाटात रेडिएटर उकळला की कुठे थांबायचे ते. मी बहुतेक ऐकलंच.

काँक्रीटच्या स्लॅबचे जोड अजून कळतात. साधारण साडेचार मीटरवर जोड धरला तर ऐंशीला सेकंदाला पाचेक ठोके. तो आवाज टायरच्या हवेतूनही येत नाही आणि पत्र्याच्या कंपनातूनही नाही, तो थेट कडक बुशांमधून येतो. मऊ बुश टाकले तर जाईल. पण त्याच बुशांमुळे लोणावळ्याच्या वळणांवर मागची चाकं काय करताहेत ते मला सीटमधून कळतं, त्यामुळे त्यांना हात लावणार नाही. बाबांनाही विचारलं. म्हणाले, "ते ठोके राहू देत. रस्ता आहे एवढं तरी कळलं पाहिजे."