रेम्ब्रांटने उतरवलेले चार सूफी

रविवार, रात्री

दुपारभर एकच रेखाटन उतरवत बसले होते. झाडाखाली जमिनीवर बसलेले चार वृद्ध सूफी. चित्र सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटचं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं. माझ्यापुढे अर्थात त्याची छापील प्रत. पण रेम्ब्रांटनेही ते मनाने काढलेलं नाही. एका मुघल लघुचित्रावरून उतरवून घेतलंय. ते लघुचित्र आज व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात आहे.

१६५६ साली रेम्ब्रांट पन्नाशीत होता. नाव झालेलं, आणि त्याच वर्षी दिवाळंही निघालेलं. हॉलंडबाहेर तो कधी गेला नाही. त्या सुमाराच्या चार-पाच वर्षांत त्याने मुघल चित्रं समोर ठेवून काढलेली वीसहून जास्त रेखाटनं आज शिल्लक आहेत. जहांगीर आहे, शहाजहान आहे. हा माणूस कुणा परक्या चिताऱ्यापुढे शिष्यासारखा बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यासाठी कागदही साधा नाही, जपानी घेतला.

हात चालवताना जाणवलं, एरवी झपाट्याने, तुटक रेघा मारणारा रेम्ब्रांट इथे किती सांभाळून चाललाय. रेघ बारीक, नेमकी. रंग मात्र त्याने सोडून दिलेत. तपकिरी शाई आणि वॉश, म्हणजे पातळ केलेल्या शाईचा हलका हात, बस्स. खांदे काढताना मी बराच वेळ अडले. जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं वजन कुठे टेकतं, पाठीचा बाक कुठून सुरू होतो, हे नुसतं बघून कळत नाही. काढायला घेतलं की प्रत्येक रेघेला विचारावं लागतं, तू इथेच का वळलीस? म्हणून ट्रेसिंग मला पटत नाही. त्यात हा प्रश्न पडतच नाही.

आणि मग त्याचं १६५६ चं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र: बायबलमधल्या अब्राहमकडे पाहुणे म्हणून आलेले देवदूत. युरोपातले चित्रकार या पाहुण्यांना सहसा टेबलाशी बसवत. रेम्ब्रांटने त्यांना खाली, जमिनीवर बसवलं, त्या सूफींसारखं! चेहरे नाही उचलले, बसणं उचललं. नकलेतून इतकं मिळतं, तरी आपल्याकडे ‘बघून काढलंय’ म्हणत नाक मुरडतात, याचं वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी तेच एचिंग घ्यायचं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून, आधी फक्त बैठकी.