पगार खरा, पण तो तिकडे येणार का? कोल्हापुरातून अमेरिकेचा विवाह-व्हिसा, माझा अनुभव

आय-१३० (नवऱ्याने तिकडे भरलेला नात्याचा अर्ज) मंजूर झाला, फी भरली, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडतं ते आय-८६४ला, आणि कोल्हापुरात बसून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांचं जरा जास्तच.

आय-८६४ म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराने दिलेली आर्थिक हमी. २०२५च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न लागत होतं. नवरा शिकत असेल, अर्धवेळ कमावत असेल तर ते भरत नाही. मग इथल्या बायकोचा पगार धरता येतो, पण ग्रीन कार्डानंतरही तो त्याच स्रोतातून चालू राहणार असेल तरच. राजीनामा देऊन जाणारीचा पगार कितीही असो, हिशेबात शून्य. घरून काम करणारीचा धरला जाऊ शकतो.

आता गोम बघा. कंपनी युरोपातली, पण पगार देते भारतातली मध्यस्थ कंपनी. पगारपत्रक तिचं, फॉर्म १६ तिचा, पीएफ तिच्याकडे. कागद बघणाऱ्याला दिसते ती रुपयांत पगार देणारी इथली नोकरी, म्हणजे विमानात बसलात की संपणारी. म्हणून मूळ कंपनीचं पत्र लागतं: हुद्दा, कधीपासून, वर्षाचा पगार डॉलरमध्ये, अमेरिकेत राहायला गेल्यावर हेच काम चालू राहील, आणि तिथे पगार कोण देईल. लेटरहेडवर, माणसाच्या सहीचं.

एचआर देतं ते संगणकाने काढलेलं दोन ओळींचं: 'सदर व्यक्ती सेवेत आहे.' जास्त मागितलं की प्रकरण कायदा विभागाकडे, तिथून कर विभागाकडे. ते विचारतात राहणार कुठल्या राज्यात, कारण तिथे पगाराची नोंदणी राज्यवार असते. मध्यस्थ म्हणतो, भारताबाहेरचं आम्ही लिहून देत नाही. तलाठी निदान कधीतरी चावडीत सापडतो. इथे नुसता तिकीट नंबर, आणि तोही आपोआप बंद होतो!

यावर चालतं ते एकच: पत्राचा मसुदा स्वतः लिहा आणि एचआरला नाही, थेट मॅनेजरला पाठवा. त्याआधी विचारा, कंपनीची अमेरिकेत शाखा आहे का? नसेल तर बहुधा कंत्राटी म्हणून काम करावं लागेल, आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर या तिथल्या करांचे १५.३ टक्के तुमच्या खिशातून जातील. मानधनाची घासाघीस तेव्हाच करा.

पत्राच्या भरवशावर बसूही नका. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते: जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर तुटीच्या तिप्पट, एरवी बहुतेकांना पाचपट. नवऱ्याचे २०,००० असतील तर २०२५च्या तक्त्याप्रमाणे तूट ६,४३७, म्हणजे १९,३११ डॉलर. तुमच्या नावची एफडी चालते. शेत दाखवायच्या फंदात पडू नका. वर्षाच्या आत पैसा करता येईल अशीच मालमत्ता धरतात, आणि सातबाऱ्यावर चार चुलत्यांची नावं असली की विषयच संपला. दुसरा हमीदार मिळाला तरी नवऱ्याचा आय-८६४ द्यावाच लागतो.

पोलीस दाखला पासपोर्ट खात्याचा, पीसीसी. एसपी ऑफिसचं चारित्र्य प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही.

वाट बघताना बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर भेटीला गेलात तर कामाचा लॅपटॉप उघडू नका. 'पगार बाहेरून येतो, मग काय बिघडतं' असं सांगणारे भेटतात. रजा टाकून जा.

विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, एवढं भाषांतरकाराने सहीनिशी लिहिलं की पुरतं.

हो, आणि ती एफडी: ग्रीन कार्डानंतर भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. व्याजही तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं.

मुलाखत मुंबईला. तारीख आली की पत्र ताज्या तारखेचं करून घ्या, मॅनेजर रजेवर जायच्या आत.