पुरासाठी परदेशातून पैसा येऊ दे, पण पाणी चढायच्या आधी

2019च्या महापुरात आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे मदतीचे ट्रकच्या ट्रक आले. कुठून कुठून माणसं रात्रभर गाडी चालवून आली, ते उपकार विसरणं शक्य नाही. पण शाळेच्या वर्गात जुन्या कपड्यांचा ढीग छातीपर्यंत लागलेला आणि घरातला चिखल काढायला खोरी, पंप, फिनेल मात्र मिळेना, हेही तितकंच खरंय. आणि त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती त्यात. का नाही बसणार? दारात पाणी आलंय आणि पुढची बोट येईल की नाही याची खात्री नाही!

म्हणून परदेशी मदतीचा विषय निघाला की माझा पहिला प्रश्न असतो, पैसा कधी येणार? 2018ला केरळच्या पुरात युएईच्या मदतीवरून केवढा गदारोळ झाला. परदेशी सरकारांकडून मदत घ्यायची नाही हे 2004च्या त्सुनामीपासूनचं धोरण, त्यामुळे केंद्राने नाही म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याच केरळसाठी वर्ल्ड बँकेचं 25 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. म्हणजे परदेशी पैसा आलाच, फक्त फेडायचा. मला हे आजही पटत नाही.

बांगलादेशचं बघा. 1970च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर रेड क्रॉसच्या मदतीने गावोगावी स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, मेगाफोन, सायरन, झेंडे घेऊन दारोदार जाऊन सांगणारी माणसं, जोडीला किनाऱ्यावर पक्के निवारे, आणि त्यातही बराच परदेशी पैसा आहे. 2020च्या अम्फानमध्ये वीस लाखांवर लोक आधीच हलवले, मृतांचा आकडा डझनांत राहिला. गरीब देश आहे तो, पण पन्नास वर्षं नेटाने एकच काम करत राहिला.

2025मध्ये आपल्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी मिळालीय, म्हणजे परदेशातली मराठी मंडळं आता थेट पैसे देऊ शकतात. चांगलंच झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडे जमिनीच्या जमिनी खरवडून नेल्या, तेव्हा असा पैसा लागतोच. पण न्यू जर्सी, दुबई, लंडनला असलेल्या आपल्या लोकांना माझी कळकळीची विनंती आहे, पुराचे व्हिडिओ बघून जसे देता तसे जानेवारी-फेब्रुवारीतही द्या, आणि नदीकाठच्या एकेका गावाला विचारून द्या. आमच्याकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं ते मोबाईलवर कळतं, 39ला इशारा, 43ला धोका, पण त्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी कुठवर येणार, म्हातारी माणसं कुणी उचलायची, म्हशी कुठे न्यायच्या हे बऱ्याच गावांत आयत्या वेळी ठरतं. त्याची तालीम मे महिन्यात व्हायला हवी, बोटीचं इंजिनही तेव्हाच चालू करून बघायला हवं, आणि ह्या खर्चाला आज देणगीदार मिळत नाही.