नेटरन लढाईच्या आत आणताना: हॅकिंगची दृश्यं वेगवान करायचं काम कुठवर आलंय

सायबरपंक रेड हा टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ चालवणाऱ्या प्रत्येक जीएमला (गेममास्टरला) हे दृश्य ओळखीचं असेल. नेटरनर, म्हणजे टोळीतला हॅकर, जॅक-इन करतो (नेटमध्ये शिरतो), जीएम त्याच्याकडे वळतो आणि पुढचा बराच वेळ टेबलावर दोघंच खेळत असतात. बाकीचे फोन चाळत बसतात. आमच्या कॅम्पेनमध्ये हे बदलायचंच असं ठरवून मी गेले काही महिने नियमांशी खटपट करतोय. त्यातलं काय टिकलं ते इथे मांडतो.

दुखणं तसं जुनं आहे. १९९० च्या सायबरपंक २०२० मध्ये नेटरनर टोळीपासून कुठेही लांब बसून डेटा फोर्ट्रेसमध्ये (संरक्षित संगणकव्यवस्थेत) शिरू शकायचा. त्याच्यासाठी चौकटींचा वेगळा नकाशा आणि वेगळे नियम, म्हणजे जवळपास वेगळाच खेळ. २०२० साली आलेल्या रेडने यावर खरोखर चांगला उपाय शोधला. कथेतलं जुनं नेट कोसळलंय, प्रत्येक इमारतीचं स्वतःचं छोटं आर्किटेक्चर (एकाखाली एक मजल्यांचं बंदिस्त नेटवर्क) आहे आणि नेटरनरला ॲक्सेस पॉइंटपासून ६ मीटरच्या आत यावंच लागतं. त्यामुळे तो टोळीबरोबर आत घुसतो, गोळ्याही खातो. नेट ॲक्शनही (नेटमधल्या कृती) सगळ्यांच्याच इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) चालतात.

तरी दृश्य रेंगाळतंच. फासे जास्त टाकावे लागतात म्हणून वेळ जातो, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. बंदुकीच्या लढाईत त्याहून जास्त फासे पडतात आणि तेव्हा कुणी कंटाळत नाही, कारण प्रत्येक गोळीमुळे पुढच्या खेळाडूचा विचार बदलतो. नेटमध्ये पासवर्ड फुटला तर सोलोला (टोळीतल्या लढवय्या पात्राला) त्याचं काय? काहीच नाही. कामाची सुरुवात मी इथूनच केली.

पहिला बदल मजल्यांचा. पुस्तकात आर्किटेक्चर फाशांवर बनवायची पद्धत आहे, ३डी६ (तीन सहा-बाजूंचे फासे) टाकून मजल्यांची संख्या काढायची. त्याची सरासरी साडेदहा येते. एका दरोड्यातल्या एका दृश्यासाठी हे फारच झालं. मी चार मजले ठेवतो आणि स्वतःला एकच अट घालून घेतलीय: प्रत्येक मजल्यामुळे खोलीतली एक तरी गोष्ट हलली पाहिजे. दार, दिवे, टरेट (स्वयंचलित बंदूक), लिफ्ट, कॅमेरा, गार्डच्या कानातला आवाज, काहीही चालेल. नुसता अडवणारा पासवर्ड ठेवत नाही. पासवर्ड हवाच असेल तर तो खऱ्या दाराचा, ज्याच्यापलीकडे टेक (यंत्रांचा जाणकार) हत्यारं घेऊन ताटकळत उभा आहे.

दुसरा बदल प्रश्नाचा, आणि सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचला. आधी मी विचारायचो, "काय करतेस?" मग आमची नेटरनर प्रोग्रॅमची यादी वाचायला लागायची. आता विचारतो, "जमलं तर खोलीत काय बदलायला हवंय?" ती एका वाक्यात उत्तर देते, मी हॅकिंगची ॲबिलिटी (क्षमता) सुचवतो, फासा पडतो. तिचा इंटरफेस रँक (हॅकिंगची पातळी) ४ आहे, म्हणजे एका टर्नमध्ये ३ नेट ॲक्शन. तिन्हींचा हेतू आधी एकदमच सांगायचा आणि मगच फासे. मधे काही बिनसलं तर उरलेल्या ॲक्शन बदलायची मुभा आहेच.

तिसरा बदल ब्लॅक आइसचा, म्हणजे नेटमध्ये हल्ला करणाऱ्या राखणदार प्रोग्रॅमचा. इथे थोडं गणित मांडतो. हेलहाउंड या ब्लॅक आइसचा रेझ (जीव) २०. झॅप या नेटरनरच्या साध्या हल्ल्याने १डी६ नुकसान, सरासरी साडेतीन. म्हणजे एकही वार चुकला नाही तरी साधारण सहा वार लागतात, आणि सहाही वेळा तेच वाक्य. सोर्ड प्रोग्रॅम ब्लॅक आइसवर ३डी६ करतो, तिथे दोन-तीन वारांत काम होतं. पण सोर्ड प्रत्येकाच्या डेकमध्ये (हॅकिंगच्या संगणकात) असेलच असं नाही. म्हणून ब्लॅक आइसचा रेझ मी निम्म्यावर आणला, हल्ल्याची ताकद मात्र जशीच्या तशी ठेवली. भीती तीच राहते, रेटारेटी संपते. स्लाइड करून निसटण्याचं महत्त्व यामुळे कमी होईल अशी शंका होती. तसं झालं नाही, कारण हेलहाउंडचा एक चावाही महागात पडतो.

परवाच्या खेळातला प्रसंग सांगतो. मालाच्या लिफ्टसमोरचा हॉल, छताला दोन टरेट, सोलो खांबाआड अडकलेली. नेटरनर म्हणाली, "टरेट गप्प करायचेत." दुसऱ्या मजल्यावरचा कंट्रोल नोड, डीव्ही (काठिण्याचा आकडा) ८. तिला ११ मिळाले. टरेटच्या माना खाली झुकल्या आणि ॲक्शन राखून बसलेली सोलो त्याच क्षणी खांबामागून सुटली. तिसऱ्या मजल्यावर हेलहाउंड होता. तो लागला की मेंदूला २डी६ नुकसान होतंच, शिवाय डेक आणि कपडे पेटतात. विझवेपर्यंत प्रत्येक टर्नच्या शेवटी आणखी २. नियमाप्रमाणे विझवायला नेटरनरची स्वतःची मीट ॲक्शन (खऱ्या शरीराने केलेली कृती) जाते, म्हणजे त्या टर्नला नेट ॲक्शन नाहीत. आमच्या टेबलावर शेजारी असलेला कुणीही आपली ॲक्शन देऊन आग विझवू शकतो. टेक दार सोडून धावला, अंगातलं जॅकेट काढून तिच्यावर टाकलं आणि ती नेटमध्येच लढत राहिली. दार मात्र बंदच राहिलं. चारही जण एकाच गोष्टीवर एकमेकांशी बोलत होते, आणि मला नेमकं हेच हवं होतं.

धोक्याचा आकडा शॅडोरन या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळावरून घेतला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत हॅकरचा ओव्हरवॉच स्कोअर जीएम गुपचूप मोजतो आणि तो ४० ला पोचला की यंत्रणा हॅकरवर तुटून पडते. मी तो उघड केला आणि लहान केला. टेबलाच्या मधोमध एक मोठा सहा बाजूंचा फासा, सुरुवात १ वर. नेटमधली फसलेली प्रत्येक ॲक्शन आणि खोलीतला प्रत्येक मोठा आवाज त्याला एकेक पायरी वर नेतो. ६ आला की कुमक दारात. बंदुका आणि नेट दोन्हींचा हिशोब एकाच फाशावर असल्यामुळे "सायलेन्सर लाव, तिला अजून एक फेरी हवीय" असली वाक्यं आपोआप यायला लागली.

तयारीही कमी झाली. प्रत्येक मजल्यासाठी एक कार्ड: वर नेटमधलं नाव आणि डीव्ही, खाली खोलीतला परिणाम. पाथफाइंडर (पुढचे मजले दाखवणारी ॲबिलिटी) जमला की जेवढे मजले दिसले तेवढी कार्डं सरळ टेबलावर उघडी करतो. वर्णनात वेळ जात नाही आणि बाकीचेही वाचून सल्ले देतात. थोडं रहस्य कमी होतं, पण ती किंमत मला मान्य आहे.

अडलेलं काम दोन ठिकाणी आहे. लढाई नसताना, म्हणजे रिकाम्या ऑफिसात रात्री केलेल्या हॅकिंगला, हे सगळं लागू पडत नाही. तिथे सध्या मी फेऱ्या मोजतच नाही, एकच तपासणी आणि तिच्या निकालावरून धोक्याचा फासा किती चढला ते ठरवतो. चालतं, पण नेटरनरला आपले प्रोग्रॅम वापरायची मजा मिळत नाही. दुसरं ठिकाण डीमन, म्हणजे आर्किटेक्चर सांभाळणारे प्रोग्रॅम. इम्प हा साधासा डीमनसुद्धा टरेट आपल्या ताब्यात ठेवतो आणि त्याला स्वतःच्या २ नेट ॲक्शन असतात, म्हणजे माझ्या बाजूला आणखी एक टर्न वाढतो. पुढच्या खेळात इम्पच्या टर्नचे फासे सोलोच्या खेळाडूकडे देऊन बघणार आहे. तुमच्यापैकी कुणी शत्रूचे फासे खेळाडूंच्या हातात दिले असतील तर कसं जमलं ते नक्की कळवा.