आईचा जप आणि तीन आकडी काउंटर

आईला जप मोजायला काउंटर हवा होता. बाजारात बोटात घालायचा तयार मिळतो हो, पण घरात सोल्डरिंग गन असताना विकत कोण आणणार!

१०८ पर्यंत मोजायचं म्हणजे तीन डिजिट, म्हणून तीन सीडी ४०२६ आयसी (चिप) घेतल्या. ही आयसी मोजते पण आणि सेव्हन सेगमेंट डिस्प्ले (सात पट्ट्यांनी आकडा दाखवणारा) थेट चालवते पण, मोजायला ७४९० आणि डिस्प्लेला ७४४७ अशी जोडी लावायची कटकट नाही. शिवाय ७४४७ चा ६ बिनशेंडीचा दिसतो, मला तो कधीच आवडला नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून डिस्प्ले आणले आणि घरी येऊन बघतो तर एलटी ५४२, म्हणजे कॉमन ॲनोड (सगळ्या सेगमेंटचं प्लस एकत्र), मला पाहिजे होते मायनस एकत्र असलेले ५४३. चूक माझीच, न बघता पिशवीत टाकले. परत चक्कर.

करंट आवरणाऱ्या रेझिस्टरमध्येपण आधी आळशीपणा केला, कॉमन पिनला एकच लावला, तर १ झगझगीत आणि ८ एकदम मरतुकडा, कारण तोच करंट सात सेगमेंटमध्ये वाटला जातो ना. शेवटी प्रत्येक सेगमेंटला वेगळा, एकूण २१ रेझिस्टर, मान मोडली.

पाच नंबरची कॅरी आउट (हातचा देणारी) पिन पुढच्या आयसीच्या क्लॉकला, म्हणजे मोजायचे पल्स घेणाऱ्या पिन एकला द्यायची. ती आकडा ० ते ४ असताना हाय (प्लसवर) असते, ५ ते ९ लो, आणि ९ चा ० होताना परत हाय होते तेव्हा पुढचा आकडा सरकतो. रीसेटची पिन १५ मी मोकळी सोडली होती, नुसता हात जवळ नेला तरी आकडे शून्यावर! १० के च्या रेझिस्टरने ग्राउंड केल्यावर शहाणी झाली.

मग आईने बटण दाबलं. एकदा "श्रीराम" म्हटलं आणि काउंटर थेट ४ वर. म्हणाली, "बरंय की रे, लवकर आटपेल." बटणाचा पत्रा दाबताना थरथरतो आणि आयसीला प्रत्येक थरथर म्हणजे नवीन पल्स वाटतो. बटण प्लसकडून क्लॉकला होतंच, मग क्लॉक ते ग्राउंड १०० के चा रेझिस्टर आणि त्याला पॅरलल ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तो थरथर गिळतो. ४०२६ च्या क्लॉकला श्मिट ट्रिगर (हळू बदलणाऱ्या सिग्नलचा स्वच्छ पल्स करणारा भाग) आतच असतो, त्यामुळे एवढ्यावर भागलं.

आता एका दाबाला एकच. आई मात्र अजून माळ पण ओढते, "तुझ्या डब्याचा हिशोब तपासायला".