तुम्ही विचारलंत म्हणून: संधी एवढी आहे, तर कारखाना वाढवत का नाही?

दिवाळीत पुण्याहून फोन आला की हा प्रश्न असतो. लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका विचारतात, राजेंद्रनगरच्या गणपतीत जुने शेजारी विचारतात, आता माझ्या मावसबहिणीचा मुलगा एमबीए करतोय तर तोही विचारतो: "इंदूरला फूड प्रोसेसिंगमध्ये एवढी वाढ आहे म्हणतात. तुमचा चिप्सचा कारखाना आहेच. मग उत्पादनाची दुसरी लाइन का टाकत नाही?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी उत्तर मनाशी ठरवलेलं असतं. मराठी माणूस, त्यातून बाई, कर्जाला भीत असणार. इतकी वर्षं मी "बघू" म्हणून विषय बदलत आले. आता बदलत नाही.

संधी आहे हे मला पटवून देऊ नका. मी इंदूरच्या सांवेर रोडवर, कारखान्यांच्या भागात बसते, मला रोज दिसते. 'यलो डायमंड'वाली प्रताप स्नॅक्स याच शहरात 2003 साली सुरू झाली आणि 2017 मध्ये शेअर बाजारात गेली. शेजारच्या रतलामच्या सेवेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. केंद्राच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' यादीत इंदूरच्या वाट्याला बटाटाच आलाय. 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म उद्योगांच्या योजनेत 35 टक्के अनुदान ठेवलं, जास्तीत जास्त 10 लाख. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जानेवारी 2023 मध्ये गुंतवणूकदारांची मोठी परिषद इथेच झाली. हे सगळं मला ठाऊक आहे आणि तरीही मी दुसरी लाइन टाकलेली नाही.

आता हिशेब बघा. एक किलो चिप्सला साधारण चार किलो बटाटा लागतो, बाकीचं पाणी उडून जातं. दिवसाला एक टन चिप्स काढायचे तर चार टन बटाटा हवा. आमच्या माळव्यात नवा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. त्यावर एप्रिल अखेरपर्यंत निभतं, पण मेपासून जानेवारीपर्यंतचे नऊ महिने कोल्डमधल्या, म्हणजे शीतगृहातल्या मालावर काढावे लागतात. महिन्याला 25 दिवस कारखाना चालवला तर 900 टन, म्हणजे 50 किलोची 18,000 पोती. किलोला 15 रुपये धरले तरी 1 कोटी 35 लाख होतात, आणि ते मार्च संपायच्या आत रोख द्यावे लागतात, कारण शेतकरी थांबत नाही आणि त्यानं का थांबावं? त्यावर कोल्डचं भाडं, तेल, पाकिटांची फिल्म, मजुरी. शेवटचं पोतं जानेवारीत तळलं जातं आणि त्याचे पैसे वितरकाकडून येईपर्यंत पुढचा हंगाम दारात असतो.

बँक काय करते? लघुउद्योगाचं खेळतं भांडवल ठरवताना अंदाजित वार्षिक विक्रीच्या 20 टक्के लिमिट द्यायचं, हा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीपासूनचा नियम. त्यामागे गृहीत असं, की पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो. बिस्किटवाल्याचा येत असेल. त्याचा मैदा बारा महिने गिरणीत मिळतो. माझा पैसा नऊ-दहा महिने पोत्यात बसलेला असतो. कोल्डच्या पावतीवर तारण कर्ज काढूनही पाहिलं. मंडीत भाव पडला की पहिला फोन बँकेचाच येतो. यंत्रासाठी मात्र सगळे तयार असतात. फ्रायर घ्या, पॅकिंग मशीन घ्या, अनुदान घ्या, फीत कापायला पाहुणा बोलवा. लाइन दुप्पट केली की मार्चमधली ही रक्कमही दुप्पट होते, आणि तिच्याबद्दल प्रकल्प अहवालात एक ओळ असते.

इथपर्यंत सांगितलं की लोक म्हणतात, "हो, पण हे तर सगळ्यांनाच आहे. बाकीचे वाढतातच ना?" म्हणून 2022 बद्दल लिहायला हवं. ते मी आजवर घराबाहेर नीट सांगितलेलं नाही.

त्या वर्षी आम्ही, म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, नेहमीपेक्षा जास्त माल भरला. महूच्या बाजूला शेताच्या बांधावर गॅस मांडून नमुना तळायचा, मिठाच्या पाण्यात बटाटा किती बुडतो (बुडाला तर भरीव, पाणी कमी) ते बघायचं, मगच सौदा करायचा, ही आमची पद्धत. एलआर आणि चिप्सोना, चिप्सच्या बटाट्याच्या या दोन्ही जाती उत्तम उतरल्या होत्या. एका कोल्डवाल्याशी बोलणं झालं: एक चेंबर पूर्ण आमचा, तापमान 10 ते 12 अंश, कोंब येऊ नयेत म्हणून सीआयपीसी या रसायनाचा धूर. लेटरहेडवर लिहून घेतलं होतं.

मग तेल चढलं. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तिकडचं सूर्यफूल तेल अडकलं. 28 एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, ती 23 मेपर्यंत. भाऊ दिवसभर दलालांशी फोनवर. सरकारी नियमानं तळणीच्या तेलातले पोलर घटक (तेल वापरून खराब झाल्याचं माप) 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल काढून टाकावं लागतं, आणि ते आम्ही टाकत होतो, म्हणजे महागडं तेल डोळ्यांदेखत टाकत होतो. तेही निभावलं असतं. माल विकला जात होता.

जुलैत त्या चेंबरची पहिली पोती आली. भट्टीवरचा कारागीर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला, हातात झाऱ्यावर मूठभर चिप्स. "दीदी, माल लाल आ रहा है."

लाल म्हणजे तपकिरी. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि तळताना ती साखर करपते. चव कडवट होते. मसाला कितीही मारा, ती झाकत नाही, आणि लपवून पाठवायचा माल तो नव्हेच. असा चिप्स जास्त तापवला की त्यात ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलेलं रसायनही वाढतं. मी दुसरं पोतं फोडायला लावलं, मग चौथं, मग रांगेच्या टोकाचं. सगळे तसेच.

त्याच दुपारी आम्ही कोल्डवर गेलो. दाराबाहेरची तापमानाची तबकडी 11 दाखवत होती. मी माझा थर्मामीटर घेऊन आत गेले. 4. आणि आमच्या थप्प्यांच्या मागे दुसऱ्या कुणाच्या थप्प्या, खाण्याचा बटाटा, छतापर्यंत. मॅनेजरनं काही लपवलं नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. त्यांच्या एका चेंबरचा कॉम्प्रेसर मेमध्ये बंद पडला, तिथला माल इकडे आणला, आणि तो माल 2 ते 4 अंशांवरच टिकतो. "आप भी तो आलू ही रख रहे हो, मॅडम," तो म्हणाला. मी काहीच बोलले नाही. तो उद्धटपणे म्हणाला असता तर भांडले असते. त्याला खरंच त्यात फरक दिसत नव्हता.

असा बटाटा थोडाफार परत वळवता येतो. 15 ते 18 अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवला तर साखर कमी होते. पण जुलैत, पावसात, पत्र्याच्या शेडमध्ये 18 अंश आणायचे कुठून? पंखे लावले, जाळीच्या क्रेटमध्ये पसरले, रात्री दारं उघडी ठेवली. काही माल सुधारला. बराच कुजला, उरलेल्याला कोंब आले. शेडमध्ये जो वास बसला तो दसऱ्यापर्यंत गेला नाही. स्वतःच्या नावानं चिप्स विकणाऱ्या एका दुकानसाखळीनं एक लॉट परत पाठवला. त्यांचं बरोबरच होतं, रंगाची अट करारात होती. त्यानंतर त्यांनी आमच्याकडून माल घेतला नाही. उरलेली पोती चोइथराम मंडीत खाण्याचा बटाटा म्हणून गेली. खरेदी, भाडं, वाहतूक यांतलं किती सुटलं हे मला विचारू नका.

मला आतून लागलेली गोष्ट मात्र ही नाही. निवडणीच्या पट्ट्यावर आमच्याकडे बायका होत्या, काही पहिल्या दिवसापासूनच्या. त्यांना "सध्या येऊ नका, बोलावते" असं मी ऑगस्टमध्ये सांगितलं. त्यांतल्या एकीच्या मुलीची कॉलेजची फी मी भरणार होते, मीच कबूल केलं होतं. ती काही बोलली नाही. डबा पिशवीत घातला आणि "ठीक है दीदी" म्हणून गेली. फी मी भरली, उशिरा भरली. पुन्हा माणसं बोलावली तेव्हा ती दुसरीकडे लागली होती.

कोल्डच्या पावतीमागे बारीक अक्षरात जबाबदारी कितीपर्यंत ते छापलेलं होतं. वकिलांनी सांगितलं, लढा, वर्षं जातील. आम्ही लढलो नाही. तुम्ही म्हणाल, लढायला हवं होतं. त्या पैशांत आणि त्या वेळात मी पुढच्या हंगामाचा बटाटा घेतला.

कोल्डवाले असं का करतात, हेही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त गाऱ्हाणं मांडते असं होईल. आमच्यासारख्या 10-12 अंशांच्या उबदार चेंबरमध्ये वजन घटतं, कोंब येतात, धुराचा खर्च येतो, आणि तो चेंबर फक्त चिप्सच्या बटाट्यानंच भरावा लागतो. खाण्याचा आणि बियाण्याचा बटाटा कुठंही, कसाही, थंडीत भरता येतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तोच भरला असता. चूक एका माणसाची असती तर कोल्ड बदलून भागलं असतं.

दुसऱ्या वर्षी, परिषदेचा गाजावाजा ताजा असताना, नात्यातल्याच कुणीतरी पुण्याच्या एका गुंतवणूकदाराशी गाठ घालून दिली. सज्जन माणूस. कन्टिन्युअस फ्रायर, नायट्रोजन भरणारी पॅकिंग, ब्रँडचं बजेट, सगळं मांडून आले होते. मी म्हटलं, हेच पैसे दोन उबदार चेंबरमध्ये आणि मार्चच्या खरेदीत घाला, लाइन मग टाकू. ते म्हणाले, "ताई, गोदामाला व्हॅल्युएशन नसतं." त्यांच्या बाजूनं ते खरंच असेल. मी नाही म्हटलं. तुमच्यातले बरेच जण ज्याला "आलेली लक्ष्मी परतवली" म्हणतात, ती ही गोष्ट.

भीती वाटली का? वाटली. ते लपवत नाही. पण या भीतीला जात किंवा भाषा चिकटवू नका. याच शहरातल्या मराठी माणसांनी गिरण्या, छापखाने, कारखाने चालवलेत. आणि धाडसानं टाकलेल्या लाइनी काय करतात हे सोयाबीनमध्ये याच माळव्यानं पाहिलंय. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरला, प्रक्रियावाल्यांची संघटना इंदूरला, आणि तरी तेल काढणारे सॉल्व्हंट प्लांट वर्षातले कित्येक महिने थंड, कारण गाळायला बी पुरत नाही किंवा परवडत नाही. 2024 मध्ये हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि शेतकरी मंडीत त्याखाली विकत होता. यंत्रं तिथं कमी नव्हती.

एक बाजू मात्र मला अजून मोडता येत नाही, आणि ती माझीच आहे. पहिल्या कर्जाचा प्रकल्प अहवाल मी स्वतः लिहिला होता. क्षमतेचा वापर पहिल्या वर्षी 60 टक्के, मग 70, मग 80. तो लिहिणारी तेव्हाची मी आज माझ्यासमोर बसली तर म्हणेल: बटाटा आधी हातात घेऊन बसलीस तर मोठा ग्राहक कधी येणार? मोठा ग्राहक आला की आगाऊ पैसे येतात, आगाऊ पैशांतून चेंबर होतात. लाइन आधी, गोदाम मग. आमच्याच रस्त्यावर एकांनी तसंच केलं आणि आज ते तीन पाळ्यांत चालवतात. मी तिला म्हणते, त्यांना 2022 सारखं वर्ष लागलं नाही. ती म्हणते, तुला एकदा लागलं म्हणून दरवर्षी लागेल का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडेही, माल लाल पडल्यावर पट्ट्यावरच्या बायकांना काय सांगायचं, याचं उत्तर नव्हतं.

आणि हो, "उधारी वसूल करा, 45 दिवसांचा कायदा आहे" असं सुचवणाऱ्यांसाठी: लहान उद्योगाचे पैसे वेळेत द्यायला लावणारं आयकरातलं ते कलम 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं, मला पाठ आहे. छोट्या वितरकाला कलम दाखवलं की तो पुढच्या खेपेला दुसऱ्याचा माल ठेवतो.

सध्या आम्ही असं करतोय. महूकडचे काही शेतकरी आणि आम्ही मिळून एक छोटा कोल्ड, सगळे चेंबर 10 ते 12 अंशांचेच. कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळते, त्यासाठी कागद दिलेत. जमिनीच्या एका उताऱ्यावर गाडी अडली आहे. शेतकऱ्यांपैकी दोघांना वाटतं एक चेंबर तरी खाण्याच्या बटाट्याचा असावा, म्हणजे रिकामा राहणार नाही. मी अडून बसले आहे. भावाचं म्हणणं वेगळंच आहे. त्यानं गेल्या महिन्यात फ्रायरचं कोटेशन मागवलं, मला न सांगता. ते माझ्या टेबलावर आहे, आणि आमचं त्यावर अजून बोलणं झालेलं नाही.