‘का?’ सोडून कागद मागितले तेव्हा

गोव्यातल्या आमच्या गावात, आमच्या वाड्यावरचे गटार घुमटीपासून मोरीपर्यंत बांधायचे होते. पंचायतीच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद होती, आणि ती वाचून दाखवली तेव्हा मी स्वतः ऐकली होती. काम सुरूही झाले, पण फणसाच्या झाडापाशी येऊन थांबले. त्यापुढे मातीच.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि विचारले, उरलेले पैसे गेले कुठे? ‘बघून सांगतो’ असे उत्तर मिळाले. जानेवारीच्या ग्रामसभेत मागचे इतिवृत्त वाचले गेले. त्यात माझ्या प्रश्नाचे दोनच शब्द उरले होते : ‘चर्चा झाली.’ इतके काटकसरी वाक्य पंचायतीच्या हिशेबात दुसरे नसेल.

रागाच्या भरात माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. १० रुपये भरले आणि पाच प्रश्न विचारले, सगळे ‘का’ने सुरू होणारे. काम का थांबले, ग्रामसभेला का सांगितले नाही, वगैरे. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले : ही ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही.

शेजारचे काका एका दुसऱ्या तालुक्यात पंचायत सचिव होते, आता निवृत्त आहेत. ते पत्र वाचून हसले. म्हणाले, ‘अरे, बरोबरच आहे ते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच २००८ मध्ये सांगून ठेवलंय, ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. दप्तरात जे आहे तेवढंच मिळतं. प्रश्न विचारू नकोस, कागद माग.’ गोव्याने १९९७ मध्येच, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी, स्वतःचा माहिती कायदा केला होता, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा अर्जदार आणि सचिव दोघेही चाचपडत होते म्हणे.

मग त्यांच्या ओसरीवर बसून दुसरा अर्ज तयार झाला. त्यात प्रश्नचिन्ह एकही नव्हते. मंजूर अंदाजपत्रक, कामाचे एस्टिमेट, कामाचा आदेश, बिल, व्हाउचर, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापे ज्यात लिहितात त्याची) त्या कामाची पाने आणि वर्षभरातल्या पंचायत मंडळाच्या सभांचे ठराव. शेवटी एक ओळ काकांनी घालायला लावली : ‘आधी दप्तराची पाहणी करू द्यावी.’

तीस दिवस गेले, उत्तर नाही. गप्प बसणे हाही कायद्याने नकारच, म्हणून गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिले अपील केले. सुनावणी दहा मिनिटांत संपली. पाहणी करू द्या, आणि मुदत टळली असल्याने प्रती फुकट द्या, असा आदेश निघाला. एरवी पानाला २ रुपये पडले असते.

पाहणीच्या दिवशी मोजमाप पुस्तक हातात आले. पुठ्ठ्याची बांधणी, छापील पृष्ठक्रमांक, निळ्या शाईतल्या नोंदी. लांबी ११८ मीटर. मी खूश झालो, खोटे कशाला सांगू! आदल्या संध्याकाळी मी आणि पुतण्याने टेप धरून मोजले होते, झाडापर्यंत ७१ मीटरच भरले होते. चोर सापडला असेच वाटले. काकांनी मात्र पान पुन्हा वाचले. नोंदी दोन होत्या : एक ७१ची, खाली दुसरी ४७ची, मागच्या वाड्यावरच्या वाटेची. घरी परतताना तिकडे वळलो. गटार होते. नवे आणि चांगले.

म्हणजे पैसे कोणी खाल्ले नव्हते. पंचायत मंडळाच्या पाक्षिक सभेत एक ठराव झाला होता आणि काम वळवले गेले होते. कारण, त्या वाटेवरून शाळेची मुले जातात. कारण पटण्यासारखे होते. पण तो ठराव ना ग्रामसभेत वाचला गेला, ना फलकावर लागला. फलकावर तेव्हा दोन वर्षांपूर्वीची निविदा होती. खर्चाचा तपशील न मागता जाहीर करावा, असे माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते. ते केले असते तर माझे पाच महिने आणि सचिवांची झोप दोन्ही वाचले असते.

जुलैच्या ग्रामसभेत मी भांडलो नाही. ठरावाचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवली, आणि माझे म्हणणे जसेच्या तसे इतिवृत्तात घ्या म्हटले. मागच्या वाड्यावरचे दोघे चिडले. त्यांना वाटले, मी त्यांचे गटार उखडायला निघालोय. त्यांची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

ऑक्टोबरमध्ये इतिवृत्त वाचले तेव्हा माझ्या म्हणण्याच्या पुऱ्या चार ओळी होत्या. उरलेला भाग पुढच्या अंदाजपत्रकात घ्यावा, असेही लिहिले होते. गटार अजून फणसापाशीच आहे.